गुलाबी पुडीतला खडा

महेंद्र उबाळेंना देवानं नाही, निसर्गानं दोन किडन्या दिल्या होत्या. त्यातली उजवी काही वर्षांपूर्वीच व्हीआरएस घेऊन बसली. डावी एकटी दोघींचं काम ओढत होती, तेही कुरकुर न करता. आणि अशा कामसू अवयवात आता चिंचोक्याएवढा खडा येऊन ठाण मांडून बसला होता.

दोष द्यायचाच तर महेंद्ररावांच्या तत्त्वज्ञानाला द्यावा लागेल. अंबरनाथच्या रबर कारखान्यात त्यांनी आजवरची अख्खी नोकरी भट्टीशेजारी काढली. पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं, बाथरूमला गेलं की मशीनवर दुसरा माणूस येतो, आणि दुसरा माणूस आला की तो सेटिंग बिघडवून ठेवतो. म्हणून पाणीच प्यायचं नाही. मशीन मात्र उत्तम चालत आलं.

खड्याची बातमी त्यांच्या मोरिवलीच्या चाळीत पसरली तशी औषधं घरी चालत येऊ लागली. शेजारच्या गयाबाईंनी कुळथाचं पाणी आणलं. कारखान्यातल्या किसननं सकाळ-संध्याकाळ खायचा सोडा सांगितला. कुणी पानफुटीची पानं दिली, कुणी लिंबू, कुणी बियर. महेंद्ररावांचा स्वभाव मुळातच भिडस्त. त्यांनी कुणाचंच मन मोडलं नाही, बियर सांगणाऱ्याचं तर अजिबातच नाही. परिणामी त्यांचा लघवीचा रिपोर्ट सोमवारी एक सांगायचा आणि गुरुवारी बरोबर त्याच्या उलट.

"उबाळे, ही लघवी आहे की चौकशी समिती?" बदलापूर-कुळगावच्या हॉस्पिटलातल्या डॉ. संजीवनी भोपी रिपोर्टांची चळत टेबलावर आपटत म्हणाल्या. "दर वेळी नवीन निष्कर्ष!"

एक्स-रेत खडा दिसलाच नव्हता. एक्स-रेवाला म्हणाला, पोटात गॅस आहे, झाकला गेला असेल. सोनोग्राफीत तो स्पष्ट दिसला. सीटी स्कॅनवाल्यांनी 'मिश्र असू शकेल' असं लिहून दिलं, म्हणजे ज्योतिषानं 'प्रवासाचा योग संभवतो' म्हणावं तसं.

"हे बघा," डॉक्टर जरा हळू आवाजात म्हणाल्या, तेव्हा महेंद्ररावांच्या शेजारी बसलेली त्यांची मुलगी मैत्रेयी सावरून बसली. "काही खडे दगड असतात. लेझरनं फोडण्यावाचून इलाज नाही. काही मात्र औषधानं साखरेसारखे विरघळतात. तुमचा कुठला, ते नक्की कळत नाहीये. दुसरी किडनी धड असती तर मी एवढी घोटाळले नसते. पण एकुलत्या एका किडनीत अवजार घालायचं, आणि काही बिघडलं, तर मग डायलिसिसच. शुक्रवारची तारीख धरून ठेवते. तोवर एखादा बारीक खडा पडला तर गाळून आणा. त्याची जात कळली तर कदाचित ऑपरेशनच लागणार नाही."

महेंद्ररावांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, माझ्या बापानं छप्पन साली जात सोडली. आणि मी आता खड्याची शोधत बसू?"

डॉक्टर हसल्या. मैत्रेयीही हसली, पण तिनं पाहिलं होतं, पप्पांनी चष्मा पुसला तो डोळ्यांसकट.

मैत्रेयी पीएचडी करत होती, सोन्यावर. म्हणजे सोनं खडकात कुठं लपतं यावर. कर्नाटकातल्या खाणींतला दगड आणायचा, त्याची चकती कापायची, आरशासारखी घासायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. त्यातलं बरंचसं सोनं पायराइट नावाच्या पिवळ्या खनिजात इतकं बारीक मिसळलेलं असतं की सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही. थोडक्यात, न दिसणाऱ्या सोन्याकडे ती चार वर्षं टक लावून बघत होती. नातेवाइकांना यातलं एवढंच समजलं होतं की पोरगी सोन्यात आहे, आणि चार वर्षांत घरी एक मणीही आलेला नाही.

किडनीच्या वाटेला ती डॉ. भोपींमुळेच लागली. पप्पांना घेऊन पहिल्यांदा आली तेव्हा केबिनमधल्या बरणीत ऑपरेशन करून काढलेले खडे होते. तिनं सवयीनं एक मागून घेतला, कापला, घासला, भिंगाखाली ठेवला, आणि खुर्चीतून उठून उभी राहिली. आत कड्या होत्या, झाडाच्या खोडात असतात तशा. सोन्याच्या दगडात असतात अगदी तशाच. थोडा वाढलेला, मग कडा झिजलेल्या, मग त्यावर पुन्हा वाढलेला.

"म्हणजे हा मधे विरघळला होता?" डॉक्टरांनी विचारलं होतं. "माणसाच्या पोटात? आपोआप?"

"हो मॅडम. दगड खोटं बोलत नाही."

"मग कशानं विरघळला ते शोधलं तर औषध सापडेल की गं!"

तेव्हापासून हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर, धुतलेल्या चादरींच्या खोलीत, त्या दोघींचं संशोधन चालू होतं. अंबरनाथ ते बदलापूर पट्ट्यातल्या लोकांचे खडे. आवाहन केल्याबरोबर खड्यांचा पूर आला. माणूस दात टाकून देतो, केस टाकून देतो, पण पडलेला खडा मात्र जपून ठेवतो, कारण तो त्यानं स्वतः कमावलेला असतो. कुणी कुंकवाच्या करंड्यातून आणला, कुणी मुलाच्या कंपासपेटीतून. एका गृहस्थांनी तर पाहून झाल्यावर परत देण्याची अट घातली.

सगळ्या पट्ट्याचे खडे आले. एका माणसाचा तेवढा आला नाही, आणि तो माणूस तिच्याच घरात राहत होता.

घरात मग प्रसूतीची तयारी सुरू झाली. आई भावनाबाईंनी चहाची एक गाळणी संडासात टांगली आणि चुकूनही तिचा चहा होऊ नये म्हणून दांड्याला लाल दोरा बांधला. महेंद्रराव आत गेले की बाहेर सगळे गप्प. ते बाहेर आले की गयाबाई गॅलरीतून भुवई उडवून विचारायच्या, ते मान हलवून नाही म्हणायचे, आणि चाळ पुन्हा कामाला लागायची.

बुधवारी सकाळी मैत्रेयी कुळगावला निघून गेली आणि तासाभरात आतून हाक आली.

"भावना! आला!"

"काय आलं?"

"बारशाला बोलवू काय? खडा आला, खडा!"

ज्वारीच्या दाण्याएवढा होता. रंग पिवळा, त्यात नारिंगी झाक. भावनाबाईंनी तो दोनदा धुतला. डबी शोधली, मिळाली नाही. कपाटात त्यांच्या कुड्या ज्या गुलाबी कागदात सोनारानं बांधून दिल्या होत्या तो कागद होता. सोनारांचा तो पातळ, चुरचुरणारा गुलाबी कागद. त्यात खडा ठेवून त्यांनी पुडी बांधली, आणि तेवढ्यात त्यांचा धाकटा भाऊ प्रमोद चहाला टपकला.

"जय भीम दाजी! तब्येत काय म्हणते?"

"मोकळी झाली," महेंद्रराव म्हणाले आणि आंघोळीला गेले.

आता इथं सांगितलं पाहिजे की भावनाबाईंनी आयुष्यात कधी धाकट्या भावासमोर 'लघवी' हा शब्द उच्चारलेला नव्हता, आणि या वयात सुरुवात करायची त्यांची इच्छा नव्हती. त्यांनी पुडी प्रमोदच्या हातात दिली.

"ही मैत्रेयीला पोचव. आजच्या आज. आणि जपून ने हां, तिचा जीव आहे त्यात."

"आहे काय?"

"तिच्या अभ्यासाचं. तू चहा पी."

प्रमोदमामा उल्हासनगरात सोनं गाळायच्या कारखान्यात कारागीर होता. मोडीचे दागिने, झाडलोटीतली धूळ, कानशीचा भुगा, सगळ्यातून सोनं वेगळं काढायचं. कामात चोख माणूस. संध्याकाळी सुटलो की बदलापूरला जाऊन पुडी देऊ असं ठरवून तो कारखान्यात आला, जागेवर बसला आणि त्यानं पुडी फक्त बघायला म्हणून उघडली.

गुलाबी कागद. आत पिवळा कण. भाची सोन्यात.

मामाचे डोळे भरून आले. अखेर सापडलं पोरीला! पण कसलं ओबडधोबड, मळकट. अशा अवस्थेत ते प्रोफेसरांपुढे ठेवणार ती? भाचीचं लग्न जमत नाही तोवर मामाला दुसरं काम काय असतं? शुद्ध करून, चमकता मणी बनवूनच हातात ठेवू, असं त्यानं ठरवलं, चिनी मातीच्या वाटीत कण टाकला आणि वर तेजाब ओतलं. कडक नायट्रिक ॲसिड. त्यात तांबं विरघळतं, चांदी विरघळते, सोन्याच्या केसालाही धक्का लागत नाही.

कण फसफसला. बुडबुडे आले. मग वाटीत नुसतं पाणी उरलं.

मामानं वाटी उजेडात धरली. हलवली. फुंकर मारली. सोनं नव्हतं. भाचीची चार वर्षं त्यानं दोन मिनिटांत विरघळवली होती.

"क्या हुआ, प्रमोद?" मालक हशू सेठ गल्ल्यावरून ओरडले. "मुंह क्यूं उतरा है? बासी रोटी खाई क्या?"

"सेठ, भांजी का सोना था. गायब हो गया."

"सोना गायब नहीं होता, साईं. आदमी गायब होता है. सुखा के देख."

वाटी शेगडीवर गेली. पाणी हळूहळू आटलं आणि तळाशी नारिंगी-लालसर पापुद्रा राहिला. मामानं वाटी उतरवून ओट्यावर ठेवली, नेमकी त्या टोपाशेजारी ज्यात दागिने उजळायला अमोनियाचं पाणी तापत होतं. टोपातून नाकात जाणारी वाफ वाटीवरून गेली, आणि मामाच्या डोळ्यांदेखत पापुद्रा बदलू लागला. लाल. गुलाबी. मग पिकल्या जांभळासारखा जांभळा.

आता, सोनं गाळणाऱ्यांच्या धंद्यात जांभळा हा साधा रंग नाही. सोनं पाण्यात उतरलंय की नाही हे बघायला ते लोक त्यात एका औषधाचा थेंब टाकतात. सोनं असेल तर जांभळा रंग येतो. इथं तर थेंबही टाकला नव्हता.

हशू सेठ गल्ला उघडा टाकून आले. चाळीस वर्षांच्या धंद्यात त्यांनी गल्ला उघडा टाकल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

"दवा डाली?"

"नहीं सेठ. अपने आप हुआ."

"अपने आप!" सेठनी वाटी दोन्ही हातांत घेतली, कपाळाला लावली, मग एकेका डोळ्याला लावली. "इतना माल है अंदर कि दवा की जरूरत नहीं! तेजाब में भी घुल गया! साईं, ये नया किसम का सोना है. लड़की को फोन लगा. और अगरबत्ती ला."

तिकडे कुळगावात मैत्रेयी पप्पांच्या फोनवरून खडा पडल्याचं ऐकून आनंदानं चादरींवर कोसळली होती, आणि तो कुणाबरोबर पाठवला हे ऐकून ताडकन उठली होती. ती मामाला फोन लावणार इतक्यात मामाचाच आला.

"मैतू! पेढे घे! निघालं!"

"मामा, पुडी कुठंय?"

"पुडी कसली घेऊन बसलीस! विरघळवलं मी ते. आता तू नुसती ये."

मैत्रेयी पुन्हा चादरींवर बसली.

"सगळं?" मैत्रेयीनं विचारलं.

"एक कण ठेवला नाही!" मामा अभिमानानं म्हणाला.

बदलापूर ते उल्हासनगर मैत्रेयी रिक्षात दिवस मोजत राहिली. शुक्रवार परवावर आला होता. पडला तो एकच खडा, तोही गेला. पप्पांच्या एकुलत्या किडनीतल्या खड्याची जात सांगू शकणारी एकमेव वस्तू मामानं प्रेमानं ॲसिडात बुडवली होती, आणि त्यात वाईट असं की रागावायला जागा नव्हती. मामानं लहानपणी तिला खांद्यावर घेऊन चैत्यभूमी दाखवली होती. अशा माणसाला काय बोलणार?

कारखान्यात ती शिरली तेव्हा सगळे कारागीर उभे होते. ओट्यावर वाटी, वाटीपुढे अगरबत्ती, वाटीला झेंडूचं एक फूल. हशू सेठ हात जोडून होते.

मैत्रेयी वाटीवर वाकली. जांभळा रंग बघून ती थबकली. मग नाकात टोपाची वाफ गेली आणि तिनं झटकन मान वळवली.

"मामा, यात काय ओतलंस?"

"तेजाब."

"मग?"

"आटवलं."

"आणि तो टोप कसला?"

"अमोनिया. दागिने उजळायचा. मैतू, माझं काही चुकलं का गं?"

मैत्रेयी खालच्या पाटावर बसली. तिचे खांदे हलू लागले. मामा घाबरला. त्यानं पाणी मागवलं. पण तिनं मान वर केली तेव्हा ती रडत नव्हती. म्हणजे रडतही होती, पण हसण्याच्या मधे मधे.

"मामा, ही टेस्ट आहे! पुस्तकातली, जुनी! नायट्रिक घालायचं, आटवायचं, अमोनिया दाखवायचा. जांभळा रंग आला की युरिक ॲसिड! दुसऱ्या जातीचा खडा असता तर असा रंग आलाच नसता. आणि युरिक ॲसिडचाच खडा औषधानं विरघळतो. म्हणून तर एक्स-रेत दिसला नाही, गॅसबिस काही नाही! मामा, पप्पांचं ऑपरेशन बहुतेक टळतंय!"

"दाजींचं ऑपरेशन?" मामाला काही उमजेना. "या सोन्याचा आणि दाजींचा काय संबंध?"

मैत्रेयीनं संबंध सांगितला.

अगरबत्तीची राख आपली आपण पडली. सगळ्यांनी हळूच हशू सेठच्या कपाळाकडे पाहिलं, मग एकेका डोळ्याकडे.

सेठनी विचार केला. सिंधमधून आलेल्या बापाकडून त्यांनी धंदा आणि धीर दोन्ही शिकलं होतं.

"जान बच गई ना आदमी की?" ते म्हणाले. "तो फिर सोना ही है." आणि हात धुवायला गेले. बराच वेळ धूत होते.

मैत्रेयीनं गुलाबी कागद मागून घेतला. त्याच्या घडीत पिवळी पूड अडकली होती, चिमटीभरही नाही. वाटी आणि कागद मांडीवर घेऊन ती आणि मामा तशाच रिक्षानं कुळगावला पोचले.

डॉ. भोपींनी वाटीकडे पाहिलं, मैत्रेयीकडे पाहिलं, झेंडूच्या फुलाकडे पाहिलं. "हे फूलपण टेस्टचा भाग आहे का?"

"नाही मॅडम. ते श्रद्धेचं."

"बरं. माझा विश्वास बसतोय, पण एका वाटीवर मी पेशंट सोडणार नाही." त्यांनी कागदातली पूड लॅबला पाठवली, महेंद्ररावांचे कुळीथ, सोडा, पानफुटी आणि बियर एका दमात बंद केले, आणि दुसऱ्या दिवशी निव्वळ, निर्भेळ, कुणाच्याही सल्ल्याविना झालेली लघवी तपासली. ती आंबटढाण निघाली, युरिक ॲसिडला लागते अगदी तशी. शुक्रवारी सकाळी लॅबचा रिपोर्ट आला. युरिक ॲसिड, दुसरं काही नाही. ऑपरेशनच्या कपड्यात कॉटवर बसलेल्या महेंद्ररावांना डॉक्टरांनी स्वतः सांगितलं, "उबाळे, उठा. पँट घाला आणि घरी जा. औषध देते, आणि पाणी प्यायचं, भरपूर."

"भरपूर म्हणजे?"

"मशीन बंद पडेपर्यंत."

महेंद्ररावांनी औषध घेतलं आणि पाणी प्यायलं. आयुष्यभराची थकबाकी चुकवावी तसं प्यायलं. भट्टीशेजारी बाटली घेऊन उभे राहू लागले. दुसरा माणूस मशीनवर येई, सेटिंग बिघडवी, महेंद्रराव येऊन दुरुस्त करत आणि पुन्हा जात. प्रॉडक्शन मॅनेजरनं तक्रार केली तेव्हा ते म्हणाले, "साहेब, एकतर मशीन चालेल नाहीतर मी. अमुक एका वयानंतर माणसानं स्वतःची बाजू घ्यावी."

फेरतपासणीच्या दिवशी सोनोग्राफीच्या बाहेरच्या बाकांवर दुसऱ्या पेशंटांना जागा उरली नव्हती. भावनाबाई, गयाबाई, किसन, प्रमोदमामा, आणि सगळ्यात कोपऱ्यात पांढऱ्या सफारीत हशू सेठ. ते का आले हे कुणी विचारलं नाही. या खड्याशी त्यांचं नातं सगळ्यांत जवळचं होतं.

आत महेंद्रराव पोट उघडं टाकून पडले होते. सोनोग्राफीला मूत्राशय भरलेलं लागतं, म्हणून त्यांना सकाळपासून पाणी पाजलं होतं, आणि सवयीमुळे त्यांनी सांगितल्याच्या दुप्पट प्यायलं होतं. मैत्रेयी पडद्याशी उभी होती. डॉ. भोपी स्वतः मशीन फिरवत होत्या. डावीकडे फिरवलं. दाबलं. तिरपं धरलं. जिथं चिंचोक्याएवढा पांढरा ठिपका असायचा तिथं करडी, गुळगुळीत, निवांत किडनी पसरली होती.

"मैत्रेयी," डॉक्टर म्हणाल्या, "तुझे डोळे न दिसणारं बघण्यात तयार झालेत. बघ बरं, तुला काही दिसतंय का?"

मैत्रेयीनं पाहिलं. सोन्याच्या दगडाकडे चार वर्षं पाहिलं होतं त्याहून जास्त लक्ष देऊन पाहिलं.

"काहीच नाही, मॅडम."

"मलाही काहीच नाही. परत बघू?"

"बघा ना!"

त्यांनी परत पाहिलं. मग आणखी एकदा, निव्वळ आनंदासाठी. खडा नव्हता. कणही नव्हता. शेवटी खालून क्षीण आवाज आला.

"तुमचं बघून झालं असेल तर मी जरा जाऊन येऊ का?"

दार उघडलं. महेंद्रराव शर्टाची बटणं न लावता बाहेर आले. पाठोपाठ मैत्रेयीनं दोन्ही हात वर करून रिकामे पंजे हलवले, आणि बाकांवरून अशी एक आरोळी उठली की खालच्या मजल्यावरून वॉचमन धावत आला. भावनाबाई रडायला लागल्या, गयाबाईंनी कडाकडा बोटं मोडली, किसन आणि मामानं एकमेकांना उचललं. महेंद्ररावांना सगळ्यांनी मिठ्या मारायला घेतलं, तर ते प्रत्येकाला हातानं बाजूला सारत, दात घट्ट आवळून, कॉरिडॉरच्या टोकाकडे चालत राहिले. लोक आपोआप दोन बाजूंना झाले. मधून ते गेले, ताठ मानेनं, एखाद्या सेनापतीसारखे, फक्त जरा झपझप.

दार लागलं. कॉरिडॉर गप्प झाला, जुन्या सवयीनं.

मग आतून आवाज सुरू झाला. एकसंध, दमदार, कुठंही न अडखळता. तो चालू राहिला. भावनाबाईंनी डोळे पुसले, डॉ. भोपी दारात येऊन उभ्या राहिल्या, मैत्रेयीनं मामाचा हात धरला, आणि आवाज चालूच होता.

"वाह," हशू सेठ मान डोलवत म्हणाले. "इसको बोलते हैं शुद्ध माल."